थायरॉईड काढून 3 दिवस झालेत, आवाज बसलाय आणि ओठांभोवती मुंग्या येतात, हे नॉर्मल आहे का?

आवाजाचं एवढं टेन्शन घेऊ नका, भूल देताना घशात नळी घातलेली असते आणि आवाजाची नस थायरॉईडला अगदी खेटून जाते त्यामुळे ती थोडी दुखावते, बहुतेकांचा आवाज काही आठवड्यांत सुटतो, नाहीच सुटला तर ईएनटीवाल्यांकडून स्वरयंत्र बघून घ्या.

मुंग्या मात्र अंगावर काढू नका. थायरॉईडच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या साधारण 4 पॅराथायरॉईड ग्रंथी असतात, रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात, ऑपरेशनमध्ये त्यांचा रक्तपुरवठा जरा बिघडला की कॅल्शियम खाली येतं आणि मग ओठ, बोटांची टोकं झिणझिणायला लागतात. आजच सर्जनला फोन करून कॅल्शियम तपासा. हातापायात पेटके आले, मान फुगली किंवा श्वास लागला तर फोनबिन नको, थेट इमर्जन्सी गाठा.

पूर्ण ग्रंथी काढली असेल तर थायरॉक्सिनची गोळी (थायरॉईड बनवायचा तेच हार्मोन) जन्मभर. सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्यासोबत घ्यायची, पुढे अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही (हेच सगळ्यांना जड जातं). आणि कॅल्शियमची गोळी तिच्यापासून 4 तास लांब ठेवा, दोन्ही एकत्र गिळल्या की थायरॉक्सिन नीट शोषलं जात नाही आणि मग लोक विचारत बसतात की गोळी चालू असून टीएसएच (रक्तातलं एक हार्मोन, थायरॉक्सिन कमी पडलं की वाढतं) कसा काय वाढला. टीएसएचची टेस्ट गोळी सुरू केल्यावर 6 ते 8 आठवड्यांनी करतात, त्याआधी आकडा स्थिर नसतो.