"मॅच पॉज होत नाही, मावशी!"

मावशी, नमस्कार.

मी सोलापूरचाच, वय 31, टॉवेलच्या कारखान्यात पॅकिंगला सुपरवायझर. लेक साडेतीन महिन्यांची आहे. दिवसभर हजारो टॉवेल डोळ्यांखालून जातात आणि रात्री अडीचला लेकीला पुसायला घरात एक कोरडं फडकं सापडत नाही. कुकरच्या पाच शिट्ट्यांत ती ढाराढूर झोपते, मी चपला काढल्या की टक्क जागी. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, हिचं तासातासाला. पाचवीला आईने सटवाईसाठी कोरा कागद आणि पेन ठेवलं होतं. सकाळी कागद कोराच. मित्र म्हणाला, सर्व्हर डाउन असेल.

मुद्दा असा. 2020 मध्ये पबजी ही मोबाइलवरची लढाईची गेम बंद झाली तेव्हा आम्ही चौघं मित्र सुतकात बसलो होतो. 2021 मध्ये तिचाच भारतीय अवतार, बीजीएमआय, आली, तेव्हापासून रात्री साडेदहाची मॅच ठरलेली. गेल्या आठवड्यात बायको आंघोळीला गेली, लेक माझ्या ताब्यात. कानात इअरफोन, शेवटचा झोन, गेममध्ये घायाळ पडलेला मित्र ओरडतोय, "रिव्हाइव्ह कर की बे!" पाळण्यातलं रडणं मला ऐकूच आलं नाही. शेजारच्या काकू दार बडवत आल्या. आता बायको येता-जाता म्हणते, "मला दोन लेकरं आहेत, त्यातलं धाकटं समजूतदार आहे." मॅच पॉज होत नाही हे तिला कसं समजावू? की गेमच काढून टाकू?

– एक नवा बाप

अरे नव्या बापा,

सटवाईच्या सर्व्हरवर मी एकटीच एवढी हसले, की चहा उतू गेला. फडक्याचं तर खरंच आहे. आपलं गाव परदेशात टॉवेल पाठवतं आणि बाळंतिणीच्या खोलीत मात्र आजीच्या जुन्या लुगड्याचीच दुपटी लागतात. नवीन टॉवेल पाणी टिपत नाही, दोन-चार धुण्यांनंतर टिपायला लागतो, हे तुला कारखान्यात कुणी सांगितलं नसेल तर मी सांगते. धुऊन ठेव एक गठ्ठा.

पण पत्र दुसऱ्यांदा वाचलं आणि एका वाक्याला अडखळले. बायको आंघोळीला गेली. रात्री साडेदहाला! का रे? उकाडा होता म्हणून? मला नाही वाटत. सकाळपासून तिला मोरीत जायला दहा मिनिटं मिळाली नसतील, ती तेव्हा मिळाली. आणि त्यातही ती कान दाराशी लावून, केसांना साबण तसाच ठेवून धावत आली असणार. तुझ्या अख्ख्या पत्रात सगळ्या गमती तुझ्या आहेत. तिच्या वाट्याला एक आंघोळ आणि एक टोमणा.

गेम काढून टाक असं मी सांगणार नाही. त्याला कारण आहे. नव्वदीच्या दशकात आमच्याकडे टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम होता. कॅसेटवर 9999 खेळ छापलेले, आत खरे निघाले सात-आठ. चालली नाही की फुंकर मारायची. मुलाची परीक्षा जवळ आली म्हणून मी त्याचा अडाप्टर ज्वारीच्या पिठाच्या डब्यात लपवला. चौथ्या रात्री बारा वाजता टीव्हीचा उजेड दिसला. मुलगा गाढ झोपलेला, आणि ह्यांच्या हातात रिमोट, रणगाड्यांच्या लढाईत दंग. अडाप्टरला पीठ तसंच लागलेलं. लपवलेला खेळ रात्री बाराला बाहेर येतो. तुझाही येईल, संडासात बसून.

आता तुझ्या पॉजचं. तू खोटं बोलत नाहीस. विमानातून शंभर जण बेटावर उतरणार, वर्तुळ आवळत जाणार, अर्धा तास तरी जाणारच, एकट्या तुझ्यासाठी कोण थांबतंय? पण साडेतीन महिन्यांचं पोरही पॉज होत नाही. तिचं पोट एवढंसं, रात्र-दिवस कळायला आत्ता कुठे लागलंय. न थांबणाऱ्या दोन गोष्टी एका माणसाने एका वेळी करायच्या नसतात. गॅसवर दूध ठेवून नळाचं पाणी भरायला गेलेल्या कुठल्याही बाईला विचार.

तेव्हा लेक तुझ्या ताब्यात असेल तेव्हा फोन स्वयंपाकघरात, इअरफोन कपाटात. यात घासाघीस नको. आठवड्यातल्या दोन रात्री मॅचसाठी बायकोशी बोलून ठरवून घे. लेक तेव्हा तिच्याकडे किंवा तुझ्या आईकडे, आणि हे सगळ्यांना आधी माहीत असू दे. बाकी दिवशी हात शिवशिवले तर थांबवता येणारा खेळ घे. 1984 मध्ये मॉस्कोत अलेक्सेई पाजित्नोव्ह नावाच्या माणसाने टेट्रिस बनवला. त्यातल्या विटा बटण दाबलं की आजही जागच्या जागी थांबतात, लेकीचं दुपटं बदलून येईपर्यंत. लेक मांडीवर असताना मात्र तोही नको. पडदा चमकला की ती टक लावून बघेल आणि तुला वाटेल, पोरगी खेळाडू होणार. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्येच सांगितलंय, वर्षाच्या आतल्या बाळाला स्क्रीन अजिबात नको.

रात्री अडीचचं दुपटं तुझं. दूध पाजणं तुला जमणार नाही, पुसणं जमेल. कारखान्याचा अनुभव आहेच.

टोमण्याची मला चिंता नाही. टोमणा मारणाऱ्या बाईत अजून जोर आहे. ती गप्प राहायला लागली, लेक झोपलेली असतानाही तिचा डोळा लागेना, उगीच रडू येऊ लागलं आणि हे दोन आठवडे टिकलं, तर "बाळंतपणात होतं असं" म्हणणाऱ्या कुणाचंही ऐकू नकोस, आपल्या आईचंही. सरळ डॉक्टरांकडे घेऊन जा.

आणि मॅच पॉज होत नाही हे तिला समजावायला जाऊच नकोस. समजावायचं ते त्या तिघांना. त्यांना सांग, लेक उठली की मी मेलो समजा, रिव्हाइव्ह करायला येऊ नका. बायकोला फक्त एवढंच म्हण, "उद्या सातला आंघोळीला जा, केस धुवायचे असतील तर धू, मी आहे." आणि तेवढा वेळ पोरीला घेऊन गच्चीवर जा, म्हणजे तिला आतून रडणं ऐकू येणार नाही. पहिल्या दिवशी ती तरीही पाच मिनिटांत बाहेर येईल. दुसऱ्या दिवशी दहा.

जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरेल तेव्हा लेक वर्षाची होत आलेली असेल. तिला खांद्यावर घेऊन होम मैदानावर ये. तिथे फुगे फोडायची बंदूक असते. तुझा नेम खरंच किती चांगला आहे ते तिच्यासमोर, तिच्या आईसमोर, एकदा होऊनच जाऊ दे.

– तुझी मावशी