फी भरली, मग सल्ला कशाला?

प्रश्न : मुलगी बीएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे, ७१ टक्के. देशोदेशीच्या बँकांचे नियम गोळा करून तक्ते करायचं खूळ डोक्यात आहे. ही डेटा एंट्रीच ना? बँक पीओच्या क्लासची फी भरली आहे. मी स्वतः सहकारी बँकेत शाखाधिकारी आहे. तिला समजवा.
– एक पालक, सांगली

उत्तर : ७१ टक्क्यांची मला काळजी नाही. फी भरून झाल्यावर सल्ला विचारता, त्याची आहे. मुलीचं म्हणणं तुमच्या पत्रात एका ओळीत उरकलंय, तेही ‘खूळ’ म्हणून. तुम्हाला माझ्याकडून शिक्का हवाय. तो मी मारणार नाही.

आता डेटा एंट्रीचं. आयएमएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या, अशा एका तक्त्यात १३४ देश आहेत, १९९० पासून, महिन्यागणिक. नियम आवळला की +१, सैल केला की -१. सोपं वाटतं ना? नोव्हेंबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने ग्राहककर्जांचं रिस्क वेट (कर्जामागे बँकेने किती भांडवल राखायचं, ते ठरवणारा आकडा) १०० वरून १२५ टक्के केलं. घर, शिक्षण, वाहन आणि सोनेतारण वगळून. हा +१. समजा दुसऱ्या देशाने घराच्या किमतीच्या साठ टक्क्यांपेक्षा जास्त कर्जच देऊ नका म्हटलं, तोही +१. दोन्ही सारखेच का? फेब्रुवारी २०२५ मध्ये आपलं रिस्क वेट सूक्ष्मकर्जांपुरतं पुन्हा १०० वर आलं. मग पूर्ण -१ लिहायचा? हे ठरवायला परिपत्रक तळटीपेसकट वाचावं लागतं, आणि बँकिंग कळावं लागतं.

वर्ल्ड बँकेच्या सर्वेक्षणात तर उत्तरं त्या-त्या देशाचे नियंत्रकच भरतात. नव्वद दिवस हप्ता थकला की कर्ज एनपीए, म्हणजे अनुत्पादक, हे कागदावर. मार्चअखेरीला शाखांतून काय-काय चालतं, ते तुम्हाला मी काय सांगू!

मुलीलाही एक कडू गोष्ट : नुसत्या पदवीवर या कामात कुणी उभं करत नाही. अर्थशास्त्रात मास्टर्स लागेल. पुण्याची गोखले इन्स्टिट्यूट, मुंबईची आयजीआयडीआर (इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था), आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था) यांच्या प्रवेशाचं बघावं. पुढे रिझर्व्ह बँकेची ग्रेड बी डीईपीआर, म्हणजे आर्थिक संशोधन विभागातल्या अधिकाऱ्यांची, भरती आहेच. आणि इंग्रजी परिपत्रकं वाचायचा कंटाळा असेल, तर आत्ताच सांगावं.

क्लासवाल्याकडे फी परत मिळते का, विचारून घ्या. रविवारी ते २०२३ चं परिपत्रक काढून दोघं बसा. अडलेले शब्द तुम्ही सांगा, +१ की आणखी काही ते तिला ठरवू द्या. मग तिलाच मला पत्र लिहायला सांगा. टपालात टाकण्याआधी तुम्ही वाचायचं नाही.