गाठ आणि गुरुवारची गोळी

प्रश्न : आई ६१ वर्षांची, आम्ही धनकवडीत राहतो. संधिवातासाठी ती सहा वर्षं दर गुरुवारी मेथोट्रेक्सेट १५ मिलिग्रॅम घेते. महिन्यापूर्वी मानेला उजवीकडे गाठ हाताला लागली, सुपारीएवढी, दुखत नाही. भावाने कुठेतरी वाचलं की या गोळीने लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) होतो. झालं, आईने परस्पर गोळी बंद केली. दोन गुरुवार गेले. गाठ जरा लहान वाटते, पण बोटं पुन्हा सुजलीत, सकाळी कुकरचं झाकण लावता येत नाही. गोळी परत सुरू करू का?

उत्तर : नका करू. बंद केलीच आहे तर तशीच राहू द्या आणि याच आठवड्यात तुमच्या संधिवाताच्या डॉक्टरांना गाठ दाखवा. गोळी कधीपासून बंद आहे, हे तारखेसकट सांगा. रागावतील म्हणून लपवू नका.

भावाने वाचलं ते खरं आहे, पण अर्धं. एपस्टाईन-बार नावाचा एक विषाणू (१९६४ साली सापडला) बहुतेक सगळ्यांच्याच अंगात जन्मभर मुक्काम ठोकून असतो, मुख्यतः बी-पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींमध्ये. टी-पेशी या दुसऱ्या पांढऱ्या पेशी त्याला डोकं वर काढू देत नाहीत. मेथोट्रेक्सेटसारख्या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांनी ही जरब सैल पडली, की क्वचित या बी-पेशी बेसुमार वाढतात आणि गाठी येतात. किडनी बदललेल्यांमध्ये हे जास्त दिसतं, कारण त्यांची औषधं फार कडक. १९८४ साली अवयवरोपण करणारे अमेरिकी सर्जन स्टार्झल यांच्या गटाने मांडलं, की औषध कमी किंवा बंद केल्यावर अशा काही गाठी आपोआप विरल्या. मेथोट्रेक्सेट थांबवल्यावरही काहींच्या गाठी काही आठवड्यांत बसतात. म्हणून ‘गाठ जरा लहान वाटते’ हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं.

पण त्यावर विसंबून घरी बसू नका. बसलेली गाठ पुन्हा येऊ शकते. शिवाय आपल्याकडे मानेतली गाठ म्हटल्यावर टीबी आधी आठवावा लागतो, आणि या औषधांवर असणाऱ्यांनी तर नक्कीच. दोन्हींचे उपचार अगदी वेगळे. नुसत्या सुईच्या तपासणीने लिम्फोमाचा उलगडा पुष्कळदा होत नाही. जमल्यास अख्खी गाठ काढून तपासतात. प्रयोगशाळेच्या कागदावर ‘सहा वर्षं मेथोट्रेक्सेट’ असं ठळक लिहायला सांगा, म्हणजे त्या विषाणूचीही तपासणी होईल. ताप, रात्री घाम, वजन घटणं यांतलं काही असेल तर तेही आजच कळवा.

आता बोटांचं. सूज पाहून कपाटातल्या जुन्या प्रेडनिसोलोनच्या (हे स्टिरॉइड आहे) गोळ्या आईंना देऊ नका. शेजारणीच्याही नकोत. स्टिरॉइडने लिम्फोमाची गाठ तात्पुरती वितळते आणि तपासणीत निदान निसटतं. तोवर कुकर तुम्ही लावा.

हे वाचून बाकीच्यांनी आपापल्या गोळ्या कचऱ्यात टाकू नयेत. अशा गाठी विरळा, आणि वर्षानुवर्षं धगधगणारा संधिवात स्वतःसुद्धा लिम्फोमाचा धोका वाढवतो. माझ्या टेबलापर्यंत जास्त वेळा पोचतो तो दुसराच घोटाळा : आठवड्याची गोळी रोज घेणं. एक आजोबा आले तेव्हा तोंडभर फोड, पाण्याचा घोटही उतरेना, पांढऱ्या पेशी पार तळाला. औषधाच्या दुकानातून पाकिटावर ‘रोज एक’ लिहून आलं होतं आणि त्यांनी नऊ दिवस इमानदारीने पाळलं. चिठ्ठीवर मीही वार लिहिला नव्हता, नुसतं ‘आठवड्यातून एकदा’. तेव्हापासून वार मराठीत, मोठ्या अक्षरात लिहिते. पुणेकरांना शक्यतो गुरुवारच देते. पाणी बंदचा वार सहसा कोणी विसरत नाही.

आईंची गोळी पुढे बदलावी लागली, तर दुसरी औषधं आहेत. कुठलं, ते गाठीचा रिपोर्ट हातात आल्यावर.