स्वयंपाकघरातील सुरी खास बनवून घेत आहे. मुठीसाठी लाकूड, शिंग की हाड निवडावे?

रोज ओल्या हाताने वापरायच्या सुरीसाठी मी शिसवाला पहिली पसंती देईन. ते घट्ट, जड आणि अंगचे तेलकट असल्यामुळे पाणी सावकाश शोषते. मात्र याच तेलामुळे रेझिन (मूठ चिकटवायचा गोंद) नीट धरत नाही, म्हणून चिकटवण्यापूर्वी तो भाग ॲसिटोनने पुसून घ्यावा आणि शिवाय पितळी रिव्हेट (आरपार जाणारे खिळे) ठोकावेत. सागवान पाण्याला टिकते, पण तुलनेने मऊ असल्याने त्यावर लवकर खाचा पडतात. बाभूळ दणका सोसते, म्हणूनच गावाकडे अवजारांचे दांडे तिचे असतात. कोयत्यासाठी मी तीच घेईन. लाकूड कोणतेही असो, ते पूर्ण वाळलेले हवे, कारण ओलसर लाकडाची मूठ पुढे आकसते आणि मुठीच्या आतून जाणाऱ्या पात्याच्या भागाची कड तळहाताला टोचू लागते.

म्हशीचे शिंग दिसायला देखणे असते आणि त्याला झिलईही छान येते, परंतु ते आपल्या नखांप्रमाणेच केराटिनचे असल्याने दमट हवेत फुगते, कोरड्या हवेत आकसते आणि घासताना जास्त तापल्यास तडकते. हाड सच्छिद्र असल्यामुळे त्यावर हळदीचे डाग बसतात, तेव्हा स्वयंपाकघरासाठी ते टाळावे.

सांबराच्या शिंगाचा मोह मात्र मुळीच धरू नये: ते जंगलात आपोआप गळून पडलेले असले, तरी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ते उचलून बाळगणे गुन्हा आहे.

तयार मुठीला जवसाचे तेल पातळ थरांत चोळावे आणि प्रत्येक थर वाळू द्यावा.