चित्राशेजारी निवेदन लिहावे का?

प्रश्न : मी बी.एफ.ए.च्या तिसऱ्या वर्षात चित्रकला शिकते. वार्षिक प्रदर्शनासाठी प्रत्येक चित्रासोबत दीडशे शब्दांचे इंग्रजी निवेदन देण्याची आमच्याकडे सक्ती आहे. माझे वडील यंत्रमागावर रात्रपाळी करतात. मागाखाली साठलेले कापसाचे तंतू डिंकात कालवून मी त्यांच्या कामाची जागा रंगवली आहे. चित्र पूर्ण झाले, निवेदन मात्र जमत नाही. चित्रच बोलत नसेल, तर शब्दांनी काय साधणार?
— एक विद्यार्थिनी, इचलकरंजी

उत्तर : निवेदन अवश्य लिहा, पण चित्राचा अर्थ सांगण्यासाठी लिहू नका. तुमची अडचण बहुधा तिथेच झाली आहे.

मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयातून १९४८ मध्ये पदविका घेतलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे यांनी आपल्या बहुतेक चित्रांना नावसुद्धा दिले नाही, आणि त्या चित्रांसमोर उभे राहिल्यावर त्याची उणीव जाणवतही नाही. त्याच विद्यालयात शिकलेले प्रभाकर बरवे मात्र वर्षानुवर्षे डायऱ्या लिहीत राहिले. घड्याळ, पान, टाचणी यांसारख्या साध्या वस्तू चित्रात कशा येतात आणि भोवतालच्या अवकाशाशी त्यांचे नाते कसे जुळते, याविषयीचे चिंतन त्यांनी ‘कोरा कॅनव्हास’ या पुस्तकात मराठीतून मांडले. ते वाचून त्यांच्या एखाद्या चित्राचे कोडे सुटत नाही. आपल्या पाहण्याची सवय मात्र बदलते. विद्यार्थ्याच्या निवेदनाकडून मला एवढीच अपेक्षा आहे.

शिकण्याच्या वयात लिहिण्याचा आणखी एक उपयोग असतो. चित्रातील कोणता निर्णय आपण जाणीवपूर्वक घेतला, कोणता हात वळला म्हणून झाला आणि कोणता दुसऱ्याचे पाहून आला, हे कागदावर उतरवताना स्वतःलाच कळते. म्हणूनच निवेदन चित्रानंतर लिहावे. आधी कन्सेप्ट नोट, म्हणजे चित्रामागच्या कल्पनेचे टिपण, मंजूर करून घ्यायची आणि मग तिच्यात बसेल असे चित्र काढायचे, हा प्रकार मी अनेक जुरींमध्ये पाहिला आहे, आणि त्यात रंगवताना अचानक सापडलेली चांगली गोष्ट केवळ नोटमध्ये नाही म्हणून पुसली गेल्याचेही पाहिले आहे. याचे मला फार वाईट वाटते.

तुम्ही कदाचित असे काही लिहू पाहत असाल : ‘हे चित्र श्रम आणि काळ यांच्या अंतर्संबंधांचा शोध घेते.’ हे वाक्य शंभर चित्रांखाली चालेल, त्यामुळे ते तुमच्या चित्राचे नाही. त्याऐवजी हे पाहा : ‘माझे वडील पहाटे घरी येतात तेव्हा त्यांच्या भुवयांवर कापूस असतो. म्हणून या चित्रातला पांढरा रंग मी ट्यूबमधून घेतला नाही.’ यात अर्थ सांगितलेला नाही, पण वाचणारा पुन्हा चित्राकडे वळेल आणि पांढरा रंग शोधेल. तुमच्या मनातले नेमके वाक्य वेगळे असेल, पण ते याच जातीचे असावे.

इंग्रजीची सक्ती मला मान्य नाही. ज्या भाषेत तुम्ही त्या कापसाकडे पाहिले, त्या भाषेत आधी लिहा, नंतर त्याचे साधे भाषांतर करून घ्या आणि दोन्ही मजकूर लावण्याची परवानगी शिक्षकांकडे लेखी मागा. तुमचे वडील प्रदर्शनाला आले, तर त्यांच्याविषयीचे शब्द त्यांना वाचता आलेच पाहिजेत.

निवेदन चित्राला खेटून लावू नका, कारण तसे केले की लोक आधी कागद वाचतात आणि मग चित्रावर नुसती नजर फिरवतात. ते दालनाच्या दाराशी किंवा वेगळ्या पानावर ठेवा. चित्राशेजारी शीर्षक, माध्यम, आकार आणि वर्ष एवढे पुरे. फक्त माध्यमापुढे ‘मिश्र माध्यम’ असे लिहून मोकळे होऊ नका. ‘यंत्रमागाखालचा कापूस व डिंक’ असे स्वच्छ लिहा.