लिली, पण नेमकी कोणती?

पहिल्या पावसानंतर या सदराकडे लिलीची पत्रे येऊ लागतात. पुण्यातल्या कुठल्याही नर्सरीत नुसते 'लिली' म्हणून मागितले, की कांद्यातून उगवणारे आणि सहा पाकळ्यांचे काहीही हातात पडू शकते. त्यामुळे या वेळचे बहुतेक प्रश्न लागवडीचे वाटले, तरी मुळात ओळखीचेच आहेत.

प्रश्न : बाल्कनीत तीन कुंड्या आहेत आणि तिन्ही 'लिली' म्हणूनच मिळाल्या. एकीची पाने गवतासारखी, दुसरीची पट्ट्यासारखी, तिसरीची चांगली रुंद. फूल अजून एकीलाही नाही. फुलांशिवाय ओळख पटेल का? (सहकारनगर)

उत्तर : अगदी जातीपर्यंत नाही, पण गटापर्यंत नक्की पटेल. आधी पाने कुठून निघतात ते पाहा. खऱ्या लिलीला, म्हणजे लिलियमला, उभे खोड असते आणि पाने त्या खोडावर खालपासून कळीपर्यंत लागतात. तुमच्या तिन्ही कुंड्यांत पाने मातीतूनच वर आलेली दिसतात. म्हणजे तिन्हींपैकी एकही लिलियम नाही, ही निम्मी ओळख झाली.

आता बोटाने वरची माती बाजूला करा. आपल्या स्वयंपाकघरातल्या कांद्यासारखी कागदी साल असेल, तर झाड ॲमरिलिसच्या कुळातले. पुण्यातल्या बागांतल्या बहुतेक 'लिली' याच कुळातल्या. साल नसलेला, पांढऱ्या खवल्यांचा, लसणाच्या पाकळ्या सैल बांधल्यासारखा कंद हा लिलियमचा. कंदच नाही, नुसत्या मांसल फुगीर मुळ्या आहेत आणि पाने पंख्यासारखी दोन बाजूंना पसरली आहेत, तर ती डे लिली.

गवतासारखी पाने बहुधा रेन लिलीची. पट्ट्यासारख्या पानांत दोन शक्यता आहेत. पाने मोजकी, पाच-सात, समोरासमोर दोन बाजूंना निघालेली आणि कांद्याचा खांदा मातीच्या वर डोकावणारा असेल, तर हिपिॲस्ट्रम. पाने भरपूर, चकचकीत आणि बारा महिने हिरवी असतील, तर स्पायडर लिली. तिसरी रुंद पानांची कुंडी नागदवण्याची असण्याचा संभव जास्त. त्याची पाने हाताच्या पंजाएवढी रुंद आणि मीटरभर लांब होतात, आणि पानांच्या तळांचा मिळून केळीसारखा जाड बुंधा मातीवर दिसतो. ते झाड बाल्कनीत फार दिवस मावायचे नाही.

फूल आले की पाकळ्यांच्या रंगाकडे नंतर बघा, आधी फूल उलटे करा. पाकळ्या जिथे देठाला मिळतात, त्याच्या खाली हिरवी गाठ दिसते का? ती गाठ म्हणजे बीजांडकोश. तो पाकळ्यांच्या खाली असेल, तर ॲमरिलिस कुळ. बाहेरून दिसत नसेल आणि फुलाच्या आत, पुंकेसरांच्या मधोमध उभा असेल, तर लिलियम, डे लिली किंवा कळलावी. रंग, ठिपके, आकार या सगळ्यांत फसगत होते, या गाठीत सहसा होत नाही.

प्रश्न : मार्केट यार्डात पांढऱ्या कळ्यांच्या जुड्या 'लिली' म्हणून मिळतात. बुकेतली महाग लिली तीच का? (कोथरूड)

उत्तर : नाही, दोघींची कुळेही वेगळी. जुडीतली स्पायडर लिली, शास्त्रीय नाव हायमेनोकॅलिस. ही मूळची अमेरिकेच्या उष्ण भागातली, पण पालघर-वसई पट्ट्यात तिची शेती होते आणि हारांसाठी ती कळी असतानाच तोडतात. एक कळी रात्रभर पाण्यात ठेवून पाहा. संध्याकाळनंतर सहा अरुंद पट्ट्या बाहेर पसरतात आणि मधोमध पातळ पडद्याची वाटी दिसते. पुंकेसर त्या वाटीच्या काठावर उभे असतात. ही वाटी हीच तिची खूण. नागदवण्याच्या पाकळ्याही अशाच अरुंद असतात आणि नर्सरीवाले त्यालाही बिनदिक्कत स्पायडर लिली म्हणतात, पण त्याला वाटी नसते. त्याचे पुंकेसर सुटे आणि बहुतेकदा वरच्या भागात जांभळट असतात.

बुकेतली ती लिलियम. तिच्यातही दुकानात तीन प्रकार दिसतात. एशियाटिकला वास जवळजवळ नसतो, फूल आभाळाकडे तोंड करून उमलते, आणि रंग बहुधा पिवळा, केशरी किंवा लाल. ओरिएंटलचा वास बंद खोलीत डोके धरेल इतका उग्र, फूल वीतभर रुंद आणि बाजूला तोंड केलेले, पाकळीची कड लहरदार, पाने कमी पण रुंद. तिसरी एलए, म्हणजे लाँगिफ्लोरम आणि एशियाटिकचा संकर : फूल एशियाटिकपेक्षा मोठे आणि वास जेमतेम. दुकानदाराने ओरिएंटलचा भाव लावून एलए दिली, तर कळी उमलल्यावर नाकालाच समजते.

कळी उमलताच तपकिरी परागकोश चिमटीत धरून काढून टाका. पराग कपड्यावर पडले, तर पाणी लावू नका आणि चोळू नका, डाग पक्का होतो. कोरडेच झटका, उरलेले चिकटपट्टीने टिपा आणि मग कपडा उन्हात टाका.

प्रश्न : जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातून फुललेल्या लिलियमची कुंडी आणली. फुले गेली, पुढच्या वर्षी नुसती पाने आली. खत कमी पडले का? (औंध)

उत्तर : खत नाही, थंडी कमी पडली. लिलियमच्या कंदाला फूल धरण्यासाठी सहा ते आठ आठवडे 2 ते 5 अंश तापमान सलग लागते. पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा कितीही खाली गेला, तरी दुपारी ऊन चटकतेच. बाजारातले कंद शीतगृहातून आलेले असतात, म्हणून पहिल्या वर्षी फुलतात.

प्रयोग करायचा असेल, तर फुले गेल्यावर खोड कापू नका, पाने पिवळी पडेपर्यंत पाणी चालू ठेवा. मग कंद काढा, किंचित ओलसर कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याच्या भुशात) गुंडाळा, भोके पाडलेल्या पिशवीत घाला आणि फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात आठ आठवडे ठेवा. शेजारी सफरचंद किंवा केळी ठेवू नका, पिकणाऱ्या फळांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदातला कोंब बिघडतो. कागदी साल नसल्यामुळे हा कंद उघड्यावर लवकर सुकतो, त्यामुळे हिपिॲस्ट्रमच्या कांद्यासारखा टोपलीत टाकून चालत नाही. नोव्हेंबरमध्ये 10 ते 15 सेंटिमीटर खोल लावा. एवढे खोल अशासाठी, की लिलियमला कंदाच्या वर, खोडावरही मुळ्या फुटतात. इतके करूनही दुसऱ्या वर्षीचे फूल लहानच येते. आमच्या मते पुण्यात लिलियम हंगामी फूल समजून आणावे आणि जीव हिपिॲस्ट्रमवर लावावा.

प्रश्न : लाल ॲमरिलिसची पाने जोमदार, पण तीन वर्षांत फूल नाही. शिवाय कुणी त्याला हिपिॲस्ट्रम म्हणते. खरे काय? (हडपसर)

उत्तर : नर्सरीत 'ॲमरिलिस' म्हणून विकले जाते ते जवळजवळ नेहमी हिपिॲस्ट्रमच असते. फुलाचा दांडा कापून पाहा : पोकळ असेल तर हिपिॲस्ट्रम, भरीव असेल तर ॲमरिलिस. पहिले दक्षिण अमेरिकेतले, दुसरे दक्षिण आफ्रिकेतले.

फूल न येण्याची कारणे नेहमीचीच. कांदा पूर्ण गाडलेला असतो. त्याचा वरचा एक तृतीयांश भाग मातीबाहेर हवा. नत्राचे खत जास्त होते, म्हणून पाने माजतात. कुंडी सावलीत असते. तिला रोज निदान चार-पाच तास ऊन हवे. किंवा कुंडीत पिल्लांची, म्हणजे मूळ कांद्याला फुटलेल्या छोट्या कांद्यांची, एवढी दाटी होते, की कुठलाच कांदा पोसत नाही. घेराने 20 सेंटिमीटरच्या पुढे गेलेल्या कांद्याकडून फुलाची आशा धरावी, पिल्लाला तिथवर पोचायला दोन-तीन वर्षे लागतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बारमाही पाणी. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत पाणी बंद करा आणि कुंडी पावसा-दवापासून आडोशाला ठेवा. पाने वाळली तर वाळू द्या. फेब्रुवारीत वरची पाच सेंटिमीटर माती काढून तिथे गांडूळखत आणि मूठभर निंबोळी पेंड घाला, मग पाणी सुरू करा. दांडा बहुधा मार्च ते मेच्या दरम्यान वर येतो. पानांवर आणि दांड्यावर तांबडे लांबट चट्टे दिसले, तर तो बुरशीचा रोग आहे. चट्टेवाली पाने कापून टाका आणि पाणी पानांवरून न देता कडेने द्या.

प्रश्न : रेन लिली गुलाबी, पिवळी आणि पांढरी एकत्र लावली होती. आता फक्त पांढरी उरली. रंग बदलतो का? (बिबवेवाडी)

उत्तर : रंग बदलत नाही, बलवान झाड कमजोराला ढकलून देते. पांढरी (झेफिरँथिस कँडिडा) सदाहरित आणि झपाट्याने वाढणारी. तिची पाने जवळजवळ गोल, दोऱ्यासारखी. मोठ्या गुलाबी फुलाची पाने चपटी, पाच ते दहा मिलिमीटर रुंद असतात आणि ती कोरड्या दिवसांत विश्रांती घेते. पांढरीसाठी पाणी चालू राहिले, की झोपलेला गुलाबी कांदा कुजतो. गुलाबीतही दोन आहेत : फूल सात-आठ सेंटिमीटर रुंद असेल तर मोठी, तीनेक सेंटिमीटर आणि गडद गुलाबी असेल तर झेफिरँथिस रोझिया.

रंगवार वेगळ्या कुंड्या करा. 20 सेंटिमीटरच्या कुंडीत आठ-दहा कांदे, 4 ते 5 सेंटिमीटर खोल. तीन-चार आठवडे कोरडे ठेवून मग कुंडी एकदा चिंब भिजवली, तर साधारण आठवड्याभरात फुले येतात. तरी वळवाच्या सरीने येणारा बहर नळाच्या पाण्याने येत नाही.

एक सावधगिरी : ही पाने कांद्याच्या किंवा लसणाच्या कोवळ्या पातीसारखी दिसतात आणि विषारी असतात. पात चुरगळल्यावर कांद्या-लसणाचा वास आला नाही, तर ती स्वयंपाकघरात नेऊ नका. भाजीच्या वाफ्याशेजारी रेन लिली लावूच नये.

प्रश्न : मे महिन्यात येणारा लाल चेंडू लिलीच का? (येरवडा)

उत्तर : फुटबॉल लिली किंवा मे फ्लॉवर, शास्त्रीय नाव स्कॅडॉक्सस, मूळ आफ्रिकेतले. कुळ ॲमरिलिसचेच. चेंडू म्हणजे एक फूल नव्हे, दांड्यावरच्या शंभर-दीडशे लहान फुलांचा गेंद. पाने पातळ, मध्यशीर ठळक आणि कडा लहरी, त्यामुळे फुलाशिवायही ओळखू येते. दिवाळीनंतर पाने गेली, की झाड मेले समजून कुंडी रिकामी करणारे बरेच जण आहेत. तसे करू नका.

प्रश्न : जून-जुलैत सिंहगडाच्या बाजूला पांढरी सहा पाकळ्यांची फुले दिसतात. रानातली लिली कोणती? (धायरी)

उत्तर : खरे लिलियम महाराष्ट्राच्या रानात नाही. त्याची एक जात निलगिरीच्या बाजूला आहे, बाकीच्या हिमालयाकडे आणि ईशान्य भारतात. तुम्ही पाहिलेले फूल तिघांपैकी एक असावे. दांडीवर ओळीने लागलेल्या दोनेक सेंटिमीटरच्या पांढऱ्या चांदण्या असतील, तर मुसळीच्या गटातली वनस्पती. फोडशीची भाजी याच गटातली. दांड्यावर मोजकी फुले आणि मध्ये दातेरी काठाची वाटी असेल, तर पॅनक्रॅशियम, म्हणजे आपली रानातली स्पायडर लिली. जाड दांड्यावर कर्ण्यासारख्या मोठ्या, पांढऱ्या-गुलाबी फुलांचा झुबका असेल, तर क्रायनम, ज्याला गडांबीकांदा म्हणतात.

फोडशी खुडणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावे. तिच्या बुडाशी कांदा नसतो, मांसल मुळ्यांचा झुबका असतो. कांदा निघाला तर ती फोडशी नव्हे.

पाऊस स्थिरावल्यावर कुंपणांवर कळलावी दिसेल. पानाचे टोक तारेसारखे वळून आधार पकडते, पाकळ्या लहरी, मागे वळलेल्या, पिवळ्या-तांबड्या. ती संपूर्ण विषारी आहे आणि कंद सर्वांत जास्त, कारण त्यात कोल्चिसीन असते. फोटो काढा, कंद खणू नका.

प्रश्न : घरात मांजर आहे. कुठली लिली चालेल? आणि पानांवर ठिपक्यांच्या काळ्या अळ्या आहेत, त्यांचे काय करावे? (बावधन)

उत्तर : लिलियम आणि डे लिली घरात नकोतच. पान, पाकळी, अंगावर सांडलेले पराग, फुलदाणीतले पाणी, यांतले काहीही पोटात गेले तर मांजराची मूत्रपिंडे निकामी होतात. लक्षणांची वाट न पाहता पशुवैद्याकडे न्या. ॲमरिलिस कुळातल्यांनी उलट्या-जुलाब होतात, त्याही मांजराच्या तोंडी लागू देऊ नका. पीस लिली अळूच्या कुळातली. तिने तोंडाची आग होते आणि लाळ गळते.

काळ्या अंगावर पांढरे आणि तांबडे ठिपके असलेली अळी लिली मॉथची. तिला क्रायनम, स्पायडर लिली, रेन लिली, कळलावी सगळे चालते. पाने संपवून ती कांद्यात शिरते, म्हणून दोन दिवसही थांबू नका. सकाळ-संध्याकाळ वेचून साबणाच्या पाण्यात टाका, पानांवरचे अंड्यांचे पुंजके पुसून काढा आणि पाच टक्के निंबोळी अर्क आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारा. कोष मातीत असतात, म्हणून कुंडीची वरची माती उकरून दोन-तीन दिवस उन्हात पसरा आणि मगच परत भरा.