लाटा ओलांडेपर्यंत गुडघ्यांवरच

प्रश्न (कोथरूड): पवना धरणाच्या पाण्यावर पॅडलबोर्डवर (उभं राहून वल्हवायच्या फळीवर) आरामात उभा राहतो. दिवेआगरला मात्र बोर्ड आत नेतानाच लाटेने तो अंगावर फेकला. कुठे चुकलं?

उत्तर: बोर्ड तुमच्या आणि लाटेच्या मध्ये आला असणार. टोक जरा तिरकं झालं की साडेदहा फुटांच्या अख्ख्या कडेवर फेसाचा धक्का बसतो. तो हातांनी पेलत नाही. टोक समुद्राकडे, लाटेला काटकोनात ठेवा. बोर्ड शरीराच्या बाजूला, एक हात मधल्या मुठीवर, दुसऱ्यात वल्हं.

आधी दहा-पंधरा मिनिटं वाळूवर थांबून लाटा पाहा. मोठ्या लाटा गटागटाने येतात. गट संपला की निघा. पाय वाळूत घासत चाला, म्हणजे वाळूत पाकट मासा असलाच तर बाजूला होईल. पाणी मांडीपर्यंत आल्यावरच चढा; उथळात फिन (बोर्डाखालचं पातं) रुतते आणि माणूस तोंडावर पडतो. चढायचं तेही गुडघ्यांवर. उभं राहायची घाई ही धरणावर शिकलेल्यांची खोड! फेस येताना वल्हवणं थांबवू नका, थांबलेला बोर्ड लाट मागे नेते. फेस टेकायच्या क्षणी वजन किंचित मागे घ्या, टोक उचललं जाईल. लगेच पुढे झुकून वल्हं फेसापलीकडच्या पाण्यात रोवा आणि ओढा. लाटा फुटतात ती रेषा मागे पडली की उभे राहा. लाट कमरेहून उंच असेल, तर नवख्याने किनाऱ्यावर बसून भजी खावीत.

प्रश्न (औंध): गुंडाळीचा लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) चालेल का?

उत्तर: धरणावर उत्तम, लाटांत नाही. ताणलेली गुंडाळी बोर्ड स्प्रिंगसारखा तुमच्याकडेच परत आणते. इथे सरळ लीश हवा, साधारण बोर्डाइतका लांब, घोट्याला बांधलेला. पडताना बोर्डापासून दूर, अंग पसरून पडा. सूर मारू नका, खाली वाळू जवळच असते. वर येताना हात डोक्यावर. नवख्याने फोमचं लाइफ जॅकेट घालावंच.

प्रश्न (हडपसर): सकाळी समुद्र सपाट असतो. तीच वेळ बरी ना?

उत्तर: लाटांपुरती बरी. पण सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो आणि हवा भरलेला हलका बोर्ड बघता बघता आत नेतो. सुरूच्या आडोशाला हा वारा जाणवतही नाही. पाण्याच्या कडेला चिमूटभर कोरडी वाळू सोडून पाहा. समुद्राकडे उडाली तर बेत रद्द. समुद्राकडून येणारा खारा वारा जोर धरायच्या आत मात्र परता.

भरतीच्या वेळेचा ढोबळ अंदाज तिथीच्या आकड्याच्या पाऊणपटीने येतो: चतुर्थीला पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास. अमावास्या-पौर्णिमेचं उधाण टाळा, अष्टमीच्या आसपासची भांग, म्हणजे छोटी भरती-ओहोटी, बरी. लाटांच्या रांगेत एखादा न फुटणारा, गढूळ पट्टा दिसला तर तिथे पाणी आत ओढत असतं. सापडलातच तर बोर्ड न सोडता किनाऱ्याला समांतर वल्हवत बाहेर पडा. जून ते सप्टेंबर हा विषयच काढू नका.

प्रश्न (सिंहगड रोड): परत येताना काय जपावं?

उत्तर: पाठ. लाट मागून येते, म्हणून मान सतत वळवत राहा. फुटण्याच्या रेषेबाहेर थांबून गट जाऊ द्या आणि शेवटच्या लाटेमागोमाग गुडघ्यांवर या. वजन मागे ठेवा, नाहीतर टोक पाण्यात घुसतं. मांडीभर पाण्यातच मागच्या बाजूने उतरा. बोर्डाच्या पुढे उतरलात, तर पुढची लाट तो पोटऱ्यांवर आणून आपटते.